मोडेम आधी कानाने तपासायचा

मोडेम म्हणजे फोनच्या तारेवरून कॉम्प्युटरांना बोलायला लावणारा डबा. दोन जुन्या कॉम्प्युटरांची मोडेमवरून गाठ पडत नसेल, तर सेटिंगच्या चौकटी उघडण्याआधी मोडेमचा आवाज चालू करावा. त्यासाठी कॉम्प्युटरवरून मोडेमला द्यायचा हुकूम एटीएम१एल३. एम१ म्हणजे कॅरियर (पलीकडच्या मोडेमचा सूर) लागेपर्यंत स्पीकर चालू, एल३ म्हणजे मोठ्याने. घरच्यांची झोपमोड नको म्हणून एम० करून ठेवलेला मोडेम दुरुस्त करायला बसणं म्हणजे नाडी न बघता काढा देणं. आपला बिघाड आपल्याच तोंडाने सांगणारी यंत्रं फार थोडी. त्यातल्या एकाला आपण गप्प बसवून ठेवतो आणि मग मॅन्युअल चाळत बसतो.

आता सेकंदाला २८.८ नि ३३.६ हजार बिटांच्या मोडेमचं काय काम, हा प्रश्न रास्त आहे. पण धरणगाव-बोदवडकडच्या एखाद्या जिनिंगमध्ये, जळगावच्या एखाद्या डाळ मिलमध्ये कोपऱ्यात धूळ खात पडलेला ४८६ प्रोसेसरचा कॉम्प्युटर निघतो. त्यात डॉसवरचं जुनं खातं असतं, यूएसबीचं भोक नसतं, फ्लॉपी ड्राइव्हने कधीच मान टाकलेली असते. मागच्या बाजूला शाबूत असतो तो फक्त नऊ पिनांचा सिरियल पोर्ट. गेटवरच्या वजनकाट्याचा इंडिकेटरही त्याच पोर्टची भाषा बोलतो. काटा गेटपाशी, ऑफिस दोनशे मीटर आत. या पोर्टची, म्हणजे आरएस-२३२ची, केबल रूढ मापाने १५ मीटरपर्यंतची. ती ओढूनताणून तिथवर नेली, तरी दोन इमारतींचं अर्थिंग वेगवेगळं असतं. तो फरक केबलच्या ग्राउंडमधून वाहतो आणि पोर्टची चिप जाळतो. मोडेमच्या लाइनच्या बाजूला ट्रान्सफॉर्मर असतो, त्यामुळे दोन्ही अर्थिंग एकमेकांना भेटत नाहीत. अशा जागी दोन मोडेम आणि एक जोडतार हे आजही शहाणपणाचं काम आहे.

शोध घेताना वाटेचे तुकडे पाडायचे. कॉम्प्युटर ते मोडेम, मोडेम ते भिंतीवरची रोझेट (फोनची तार जोडायची डबी), आणि रोझेटपासून पलीकडच्या रोझेटपर्यंतची सगळी लाइन. पलीकडे हेच उलट क्रमाने. प्रत्येक तुकडा बाकीच्यांशिवाय तपासता येतो, आणि तसाच तपासावा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. केबल बदलली, स्पीड बदलला, ड्रायव्हरही टाकला आणि मग चालू झालं, तर काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही. आणि ते आठवड्याने पुन्हा बिघडतं.

पहिला तुकडा सोपा. टर्मिनल प्रोग्राम (टाइप केलेलं थेट पोर्टवर पाठवणारा) उघडून एटी लिहायचं, एंटर मारायचा, ओके यायला हवं. डॉसवर टेलिक्स किंवा प्रोकॉम, विंडोज ९८वर हायपरटर्मिनल, लिनक्सवर मिनिकॉम, काहीही चालेल. दोन्ही अक्षरं मोठी किंवा दोन्ही लहान, एक मोठं नि एक लहान चालत नाही, कारण त्या दोन अक्षरांवरूनच मोडेम पोर्टचा स्पीड ओळखतो. ही एटीची बाराखडी हेज कंपनीच्या १९८१च्या स्मार्टमोडेमपासूनची आहे आणि पुढे सगळ्यांनीच ती उचलली. ओके आलं पण टाइप केलेलं दिसत नसेल, तर एटीई१. अक्षरांऐवजी कचरा येत असेल तर पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट) बघा: एका टोकाला आठ बिट विनापॅरिटी आणि दुसऱ्या टोकाला सात बिट सम पॅरिटी असली की असा भेळभत्ता होतो.

काहीच येत नसेल तर मोडेम बाजूला ठेवून आधी पोर्टची परीक्षा घ्यावी. कॉम्प्युटरच्या नऊ पिनांच्या पोर्टवर दोन आणि तीन नंबरच्या पिना एका बारीक तारेने जोडायच्या, फ्लो कंट्रोल (‘थांब, आता पाठव’च्या खुणा) बंद करायचा आणि टाइप करायचं. अक्षर स्क्रीनवर उमटलं तर पोर्ट ठीक. तार काढल्यावर उमटणं थांबलं पाहिजे, नाहीतर तो लोकल एको आहे, म्हणजे प्रोग्रामच टाइप केलेलं परत दाखवतोय, आणि आपण स्वतःलाच फसवतोय. मल्टिमीटर असेल तर पाच नंबरवर काळी प्रोब, तीनवर लाल. स्वस्थ पोर्टवर उणे पाच ते उणे बारा व्होल्टच्या मधला आकडा दिसतो. शून्याजवळ असेल तर चिप गेली. हे सगळं नऊ पिनांचं झालं. पंचवीस पिनांच्या पोर्टवर दोन नंबर पाठवतो, तीन नंबर घेतो आणि ग्राउंड सातवर असतं. दोन्हींची घरी गाठ मारून केलेली केबल चुकते ती बहुधा इथेच.

केबलमध्ये फक्त तीन तारा असतील तर आणखी एक गंमत होते. एटीला ओके येतं, डायलही होतं, आणि कनेक्ट होता होता मोडेम फोन ठेवून देतो. त्याला डीटीआरची, म्हणजे कॉम्प्युटर तयार असल्याची खूण देणारी, तार पोचलेली नसते, म्हणून त्याला वाटतं की समोरचा कॉम्प्युटर उठून गेला. मोडेमवरचा टीआर दिवा विझलेला असतो, पण तिकडे कोण बघतो! सात तारांची नीट केबल घ्यावी. तोवर एटी&डी० दिलं की मोडेम डीटीआरकडे दुर्लक्ष करतो.

मोडेम आत बसवलेल्या कार्डाचा असेल तर आयआरक्यूचं (प्रोसेसरला हाक मारायच्या नंबराचं) भांडण बघावं. कॉम १ आणि कॉम ३ दोघांचा आयआरक्यू ४, कॉम २ आणि कॉम ४ या दोघांचा ३. माउस कॉम १वर, मोडेम कॉम ३वर, आणि तक्रार अशी की ‘माउस हलवला की लाइन तुटते.’ कार्डावरचे जंपर बदलून मोडेम कॉम २वर न्यायचा आणि बायोसमधून मदरबोर्डचा दुसरा पोर्ट बंद करायचा. पीसीआयचं स्वस्त कार्ड असेल तर ते बहुधा सॉफ्ट मोडेम असतं, म्हणजे अर्धं काम विंडोजचा ड्रायव्हर करतो. डॉसला ते दिसणारच नाही. तिथे वेळ न घालवता बाहेरचा, सिरियलवाला मोडेम शोधावा.

डॉसमध्ये एमएसडी हा प्रोग्राम चालवला की पोर्टमागची यूएआरटी, म्हणजे अक्षरांची ने-आण करणारी, चिप कळते. ८२५० किंवा १६४५० असेल तर पोर्ट १९,२००च्या वर नेऊ नये. तिच्यात आलेलं अक्षर साठवायला जागाच नसते. प्रोसेसर क्षणभर डिस्ककडे वळला की पुढचं अक्षर आधीच्या डोक्यावर पडतं. १६५५०एमध्ये सोळा अक्षरांची रांग उभी राहते, म्हणून ती १,१५,२०० निभावते. लाइनला दोष देण्याआधी हे बघितलेलं बरं.

आता लाइन. खरा वेळ इथे जातो आणि खान्देशात जास्तच जातो.

आपली जमीन काळी. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, जमीन आकसते आणि तिच्यातून गेलेल्या केबलचे जॉइंट ताणले जातात. मग मृगाचा पाऊस त्या भेगांतून थेट जॉइंटवर. केबल जेली भरलेली असली तरी जॉइंट ज्याने केला त्याच्या हातावर सगळं असतं. गावात बोलणं होतं ते एवढंच, ‘फोन मरेल शे,’ म्हणजे मेलाय. पण फोन पुरता मेला तर सोपं. लाइनमनही लगेच ऐकतो. अवघड असते ती अर्धमेली लाइन: माणसाचं बोलणं नीट होतं, मोडेमचं होत नाही. माणूस खरखरीतून शब्द ओळखतो. मोडेम टप्प्याटप्प्याने स्पीड खाली आणतो आणि शेवटी नो कॅरियर म्हणून मोकळा होतो.

लाइन अशी ऐकावी. घरातली बाकी सगळी उपकरणं काढा: जोड फोन, कॉलर आयडीचा डबा, एसटीडी लॉक, सगळं. रोझेटला एकच साधा फोन. रिसीव्हर उचला, कुठलाही एक आकडा दाबा; डायलटोन थांबतो आणि पुढचे काही सेकंद लाइन मोकळी असते. त्या शांततेत ऐका. एकसारखा घुमणारा हम् असेल तर जोडीतल्या एका तारेला कुठेतरी अर्थ लागलाय आणि शेजारच्या विजेच्या तारांची गुणगुण आत शिरतेय. कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज असेल तर जॉइंट सैल किंवा गंजलेला. दुसऱ्याचं बोलणं अंधुक ऐकू येत असेल तर क्रॉस. मोडेमला हम् थोडाफार सोसतो, कारण त्याचं काम साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झमध्ये चालतं आणि ५० हर्ट्‌झ त्याच्या खाली राहतो. तडतड मात्र सगळ्या पट्टीवर पसरते, तिच्यापुढे इलाज नाही.

कधी बिघडतं हेही टिपून ठेवावं. सकाळी वाईट आणि ऊन चढल्यावर सुधारते ती लाइन ओलाव्याची. दुपारी दोनला वाईट आणि रात्री बरी असते ती उन्हाने पसरणाऱ्या सैल जोडाची. भुसावळला पारा पंचेचाळिशीपार गेला की पत्र्याखालचा डीपी बॉक्स (लाइनच्या जोड्या वाटणारी पेटी) हाताला चटका देतो.

मल्टिमीटर डीसीवर ठेवून रोझेटचे दोन स्क्रू मोजा. फोन ठेवलेला असताना ४८ व्होल्टच्या आसपास, उचलल्यावर ६ ते १२. ठेवलेला असतानाच ३०-३५ दिसत असतील तर वाटेत कुठेतरी गळती आहे. मोजताना उघड्या तारा बोटांत धरू नका. त्याच वेळी कोणाचा फोन आला तर घंटीचा करंट पाऊणशे व्होल्टच्या घरात असतो आणि ओल्या हाताला चांगलाच झटका देतो.

रोझेट उघडली की निम्म्या वेळा कारण समोरच असतं: स्क्रूखाली हिरवा चुरा. तार खरवडत बसू नये. दोन सेंटिमीटर कापून टाकावी, नवं तांबं उघडं करावं, स्क्रू घट्ट आवळावा आणि वर व्हॅसलिनचा पातळ हात द्यावा. बाहेरच्या ड्रॉप वायरला पीळ मारून काळी टेप गुंडाळलेला जोड असेल तर तो पावसाळ्याआधी जेलवाल्या कनेक्टरने बदलून घ्यावा. डीपी आणि त्यापुढचं काम लाइनमनचं. त्याला ‘नेट चालत नाही’ म्हणून सांगू नका, तो निघून जाईल. ‘एका लेगला अर्थ आहे, ठेवलेल्या फोनवर पस्तीस व्होल्ट मिळतात,’ असं सांगा. मग तो सायकलवरून उतरतो.

वळवाच्या पावसाने मोडेम मरतो तो लाइनच्या बाजूने. कॉम्प्युटरला ओके देतो, रिले टक् करतो, पण डायलटोन काही मिळत नाही. आणि तो जोडला की शेजारचा फोनही मुका होतो. आतला व्हॅरिस्टर, म्हणजे झटका गिळायला बसवलेला भाग, विजेच्या झटक्याने शॉर्ट झालेला असतो. मोडेम लाइनपासून पूर्ण सोडवून त्याच्या लाइन सॉकेटवर ओहम मोजा. मीटरने काही दाखवायला नको. दहावीस ओहम दिसले तर व्हॅरिस्टर गेला. गडगडायला लागलं की विजेची आणि फोनची, दोन्ही पिना काढायच्या. एक काढून भागत नाही.

दुसरा खास आपल्याकडचा आजार अडॅप्टरचा. काही बाहेरच्या मोडेमना ९ व्होल्ट एसी लागतो, डीसी नव्हे. बाजारातला ९ व्होल्ट डीसीचा अडॅप्टर पिनेत बरोबर बसतो आणि मोडेम अर्धवट जागा होतो किंवा होतच नाही. मोडेमच्या पोटाखालची पट्टी वाचावी. अडॅप्टर बरोबर असूनही फोन उचलताना दिवे क्षणभर विझून पुन्हा लागत असतील, तर आतला मोठा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळलाय. उन्हाळाभर पत्र्याच्या खोलीत राहिलेल्या मोडेममध्ये हे ठरलेलंच, कारण दर दहा अंशांच्या वाढीला असल्या कपॅसिटरचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा, १०५ अंशवाला बसवायचा. सी-डॉट या सरकारी टेलिफोन-संशोधन संस्थेने १२८ पोर्टचं ग्रामीण एक्स्चेंज आखलं तेव्हा ते वातानुकूलनाशिवाय चालावं हे आधी ठरवलं होतं. पहिलं १९८६मध्ये कर्नाटकात किट्टूरला लागलं. मोडेम आखणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे भुसावळचा मे महिना नव्हता.

लाइन स्वच्छ झाली की कान पुन्हा मोडेमकडे. डायलटोन कानाला ऐकू येतोय आणि स्क्रीनवर मात्र नो डायलटोन, असं झालं तर घाबरू नये. अमेरिकी मोडेम ३५० आणि ४४० हर्ट्‌झच्या जोडीची वाट बघतो. आपला डायलटोन ४०० हर्ट्‌झचा, थरथरणारा. एटीएक्स३ द्या. मग तो डायलटोनची वाट न बघता डायल करतो, पण एंगेज टोन ओळखतो. टोन मिळायला वेळ लागत असेल तर एटीएस६=४, म्हणजे चार सेकंद थांबून मगच आकडे.

जुन्या इंटरकॉमला टोन कळत नसतील तर एटीडीटीऐवजी एटीडीपी. पल्स कानाने मोजता येतात: सेकंदाला दहा, आणि शून्य म्हणजे दहा. जळगावचा ०२५७ म्हणजे दहा, दोन, पाच, सात, एकूण चोवीस टकटक. कमी भरल्या तर आकडा चुकीचा जातोय.

पलीकडून फोन उचलला की २१०० हर्ट्‌झची शिट्टी येते. नीट ऐकलं तर ती दर ४५० मिलिसेकंदाला किंचित अडखळते. वाटेतले एको कॅन्सलर (प्रतिध्वनी पुसणारी यंत्रं) बंद करण्याची ती खूण. मग थोडा किलबिलाट, मग दोन्ही बाजूंचे लाइन चाचपणारे सूर, शेवटी खळखळता आवाज आणि शांतता. शिट्टी येऊन तिथेच अडकत असेल तर आपलं त्याला ऐकू जात नाहीये. चाचपणी झाल्यावर पुन्हा पुन्हा मागे जात असेल तर लाइन त्या स्पीडला पुरत नाही. सगळं संथपणे चाललंय पण मध्येच नो कॅरियर येतं, तर एस७ (कॅरियरची वाट बघायचे सेकंद) लहान आहे; ९० करा. मोडेमची ही पाळी वीसपंचवीस सेकंद खाऊ शकते, वर पलीकडच्या घंट्या. (कॅरियर म्हटलं की आपल्याकडे सायकलचं आठवतं. इथेही काम तेच, सामान त्याच्यावरच लादलेलं असतं.)

स्पीडच्या बाबतीत लोकांची हाव मोठी. डब्यावर ५६के लिहिलंय, मग ३३,६००च का? कारण ५६के मिळायला एका टोकाला मोडेम नसून एक्स्चेंजला डिजिटल जोडलेलं उपकरण लागतं. दोन साध्या मोडेममध्ये ३३,६०० ही छतच आहे, आणि तीही लाइनचा सगळा पट्टा स्वच्छ असेल तर. स्क्रीनवर कनेक्ट १,१५,२०० दिसलं म्हणून हुरळू नये. तो कॉम्प्युटर ते मोडेमचा स्पीड आहे. बऱ्याच मोडेममध्ये एटीडब्ल्यू२ दिलं की लाइनचा खरा आकडा दिसतो.

माझं मत विचाराल तर आपल्याकडच्या लाइनवर १४,४००ला बांधून ठेवावं. एटी+एमएस=व्ही३२बी, किंवा यूएस रोबोटिक्सवर एटी&एन८. १.४४ एमबीची एक फ्लॉपीभर फाइल १४,४००वर पंधरा मिनिटांत जाते, ३३,६००वर साडेसहा मिनिटांत, हे खरं. पण अर्धमेल्या लाइनवर मोडेम दर मिनिटाला थांबून पुन्हा सूर जुळवायला बसतो, आणि पाचव्या मिनिटाला लाइन तुटली तर ती साडेसहा मिनिटं कधी पुरी होतच नाहीत. शेतावरच्या पंपाचा स्टार्टर पडला, स्टॅबिलायझरने टक् केलं, एवढ्यानेही झटका बसतो. एस१०=१०० दिलं की दहा सेकंदांपर्यंतचा खंड मोडेम सोसतो.

एक्स्चेंजच नको असेल तर भंगारातून एक जुना इंटरकॉम मिळवावा. त्याच्या दोन एक्स्टेंशनवर दोन मोडेम; डायलटोन मिळतो, घंटी मिळते, पलीकडे एस०=१ असेल तर मोडेम आपणहून उचलतो. वजनकाट्यासारख्या कायमच्या जोडीला त्याचीही गरज नाही. जोडतारेच्या एका तारेत ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि ३९० ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये घालायचा आणि त्या दोघांना मिळून ०.२२ मायक्रोफॅरडचा पॉलिएस्टर कपॅसिटर पॅरलल, म्हणजे आवाजाला बॅटरी टाळून जायला वाट मिळते. दोन्ही मोडेम त्यातले थोडे थोडे व्होल्ट खातात. रिले बसूनही सूर जुळत नसेल तर दोन बॅटऱ्या लावून १८ व्होल्ट करा. हा जोड एक्स्चेंजच्या चालू लाइनला कधीही लावायचा नाही. घंटी नसल्यामुळे उचलायचं हाताने: इकडून एटीएक्स१डी, आणि मोबाइलवर पलीकडच्याला उचलायचा हुकूम, ‘मार भो एटीए!’

तांब्याची जोडी जाऊन फायबर आलं असेल तिथे डब्यावरच्या फोनच्या भोकाला मोडेम लावून बघतात. तिथे आवाजाचे तुकडे होऊन पॅकेटमधून जातात. कोडेक (आवाजाचे आकडे करायची पद्धत) जी.७११ असेल तर ९६०० मिळू शकतो, जी.७२९ असेल तर नाद सोडावा.

जोड लागला की फाइल झेडमोडेमने पाठवावी. एक्समोडेम १२८ बाइटांचा तुकडा पाठवून पावतीची वाट बघत बसतो आणि तुटलं की पहिल्यापासून सुरू. झेडमोडेम तुटला तिथून पुढे धरतो. फ्लो कंट्रोल दोन्हीकडे आरटीएस-सीटीएस, म्हणजे तारेवरचा; एक्सऑन-एक्सऑफ नाही, कारण त्यात थांबायची खूण एक बाइटच असतो आणि खात्याच्या फाइलमध्ये नेमका तोच बाइट आला की पाठवणं मध्येच थिजतं. दोन्ही टोकांना डीआयआर हुकमाच्या यादीत दिसणारे फाइलचे बाइट जुळवून बघा आणि मगच मूळ यंत्राला हात लावा.

लाइन सोडताना टाइप करणं आधी थांबवायचं. एक सेकंद काही नाही, मग +++, मग पुन्हा एक सेकंद काही नाही. एंटर मारायचा नाही. ओके आलं की एटीएच.